खंडेनवमी आणि तुमची डिस्क

सर, तुमची डिस्क माझ्या हातून गेली, आणि काकूंना मी सांगितलं की ती आधीपासूनच गेलेली होती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्यापर्यंत यातलं काही पोचणार नाही, म्हणूनच तुम्हाला लिहितोय. काकूंशी बोलायची हिंमत असती तर हा खटाटोप केला नसता.

तळवड्याच्या आपल्या त्या छोट्या ऑफिसात दर गुरुवारी लाईट जायची. मी नवा. कॉम्प्युटर अडकला म्हणून बटण दाबून धरलंय, आणि तुम्ही मागून येऊन माझा हात बाजूला करता. "झोपलेल्याला हाक मारून उठवतात राव, गळा दाबून नाही!" सगळे हसतात, माझे कान तापतात. मग तुम्ही खुर्ची ओढून समजावता, की आपण सेव्ह केलं तरी मशीन ते लगेच डिस्कवर उतरवत नाही, थोडा वेळ स्वतःजवळ ठेवतं, आणि मधेच वीज तोडली की अर्धं लिहिलेलं अर्धंच राहतं. साध्या डिस्कवरून तुकडे तरी वेचता येतात. पासवर्डचं कुलूप घातलेल्या डिस्कवर नेमकी ते उघडणारी किल्ली लिहिलेली जागा बिघडली तर पासवर्ड पाठ असूनही हाती नुसता कचरा येतो. म्हणून आधी काम थांबवायचं, डिस्क रीतसर सोडवायची, मगच वीज. मी चाकणच्या कंपनीत लागलो तेव्हा तुम्ही मला यूपीएस भेट दिलात. ते धूड मांडीवर घेऊन मी बसमधून घरी आलो. तेव्हा रागच आला होता, इतरांना घड्याळं मिळतात आणि मला ही बॅटरी!

यंदा तुमच्या मुलीचं लग्न ठरलं आणि काकू डिस्क घेऊन आल्या. घरातले सगळे व्हिडिओ तुम्ही कुलपात ठेवलेले आणि पासवर्ड काकूंकडून घोकून घेतलेला. "पोरीला तिचा बाप दाखवायचाय लग्नात," त्या म्हणाल्या. "तिला नीट आठवत बी न्हाई. तेवढं कुलूप काढून दे बाबा." डिस्क उत्तम चालत होती. शहाण्या माणसानं आधी सगळं दुसरीकडे उतरवून घेतलं असतं. मी पडलो तज्ज्ञ! कंपनीतल्या माझ्या मशीनला जोडून थेट तुमच्याच डिस्कवरचं कुलूप काढायला लावलं. सगळी डिस्क नव्यानं लिहायची म्हणजे काम लांबलचक, सकाळपर्यंत होईल म्हटलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. कारखान्यात शॉपवरच्या सगळ्या मशीनची पूजा होते, तशी आपल्याही अवजाराची व्हावी, म्हणून माझ्या तिथल्या कॉम्प्युटरला लावलेला तुमचा यूपीएस मी आदल्या दिवशीच काढून, पुसून पूजेच्या ओळीत मांडला होता. बॅटऱ्या बदलत बदलत तो मी अजून चालता ठेवलाय. त्याच्या जागी कॉम्प्युटरची वायर सरळ भिंतीत खोचलेली. सकाळी आमच्या इलेक्ट्रिशियननं विचारलं, "भाऊ, मेन बंद करू का? पॅनेल पुसायचेत." मी यूपीएसला झेंडूची माळ घालत होतो. "करा की राव," म्हणालो. माळ नीट बसली का ते बघताना आठवलं आणि मी कॉम्प्युटरकडे पळालो, तोवर लाईट गेलेली होती. डिस्क अर्धी कुलपात, अर्धी बाहेर, आणि काम कुठवर आलं त्याची खूण जिथं लिहिली जात होती तीच जागा अर्धवट. किल्लीची प्रतसुद्धा मी काढून ठेवली नव्हती. येत होतं ते सगळं करून पाहिलं. काहीही निघालं नाही.

काकूंना म्हणालो, "जुनी डिस्क, आधीच खराब झालेली दिसतेय. सरांकडूनच कधीतरी तशीच बंद झाली असेल." हे माझ्या तोंडून निघालं, सर. काकूंनी डिस्क परत पिशवीत ठेवली. "आसंल. शेवटी शेवटी त्यांचं तरी कुठं ध्यान व्हतं," म्हणाल्या, आणि एवढी खटपट केलीस म्हणून मला दिवाळीच्या करंज्या डब्यात भरून दिल्या. ज्यानं आम्हाला शिस्त लावली त्याच्याच माथी मी माझा गलथानपणा मारला, तोही त्याच्या बायकोसमोर. आणि त्या करंज्या खाल्ल्यासुद्धा. शरम वाटते म्हणायचीही आता शरम वाटते. कंपनीत मात्र मी सगळ्या यूपीएसना डेटा केबल जोडून घेतल्यात, लाईट गेली की मशीन आपलं आपण आवरून बंद होतं. साहेब कौतुक करतात आणि मी ते घेतो.

लग्न परवा आहे. एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. कुलूप काढायला लावण्याआधी, डिस्क चालते का बघायला म्हणून मी एक व्हिडिओ उघडला होता. तुमच्या कुरुळीच्या घराचं स्वयंपाकघर आहे, तुम्ही परातीत भाकरी थापताय आणि मुलगी ओट्यावर बसलीय. "बाबा, फाटली!" ती ओरडते. ऑफिसात तुमच्या तोंडून गावची बोली मी कधी ऐकली नव्हती. इथं तुम्ही म्हणता, "फाटू दे की गं. तुझ्या पोटात काय अख्खी ऱ्हानार हाय व्हय?" ती हसून हसून आडवी होते, आणि तिच्याकडे बघता बघता तुमची भाकरी आणखी फाटते.

हे तिला सांगायला हवं. पण सांगायचं तर कधी आणि कुठं पाहिलं तेही सांगावं लागेल. मी स्वतःला ओळखतो, सर. परवा मी अक्षता टाकीन, जेवीन आणि घरी येईन.