माझ्या वाटणीचा अर्धा चहा

ती. सौ. जाऊबाई यांना,

धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच मानून घ्यावा. खरोखर वाकले तर उठवायला दुसरं माणूस लागतं, आणि घरातलं दुसरं माणूस सकाळपासून खाली दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेलं असतं.) वि. वि. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा, हे मी तुमच्या लेकीला फोनवर विचारलं, तर म्हणाली, काकू, ज्याची चौकशी करावी तो जास्त दुखतो. तेव्हा मी दोन्हींची चौकशी करते, कुणाला वाईट वाटायला नको. भाऊजींचा खोकला कमी आहे ना? मी त्यांची आठवण काढत असते. हे काढत नाहीत. भाऊजींचा विषय निघाला की हे स्वतःचा चष्मा काढून पुसत बसतात, आणि इतका वेळ पुसतात की एक दिवस काच झिजून तिचा नंबर बदलायचा.

पत्रास कारण की, मला चहा करता येत नाही.

हसू नका. तुम्ही हसलात की मला इथे कळतं. सून म्हणून आले त्या दिवसापासून मी या घरात चहा करते आहे, पण करते म्हणजे अर्धाच करते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी पहिल्यापासून लिहिते, कारण बोलताना तुम्ही मला मध्येच तोडता आणि कागद तोडत नाही. मी आले तेव्हा तुम्ही आधीच घरात मुरलेल्या होतात आणि मी कानामागून येऊन तिखट होणार अशी सगळ्यांना धास्ती होती. सासूबाईंनी आपल्या दोघींना शेगडीपुढे उभं केलं आणि चहाची वाटणी केली. पाणी, मसाला आणि पत्ती थोरलीची. दूध, साखर आणि गाळणं धाकटीचं. तुम्ही खलबत्त्यात कुटत असाल तेव्हा मी बाहेरच्या खोलीत कप मांडायचे, आत डोकवायचं नाही. तुमचं पाणी उकळलं की तुम्ही पातेलं झाकून बाहेर यायचं आणि मी आत जायचं. तुम्हीही मागे वळून बघायचं नाही. मधल्या दारात स्वतः सासूबाई पाट टाकून बसायच्या, जकात नाक्यावर बसल्यासारख्या. मला वाटायचं, ही कसली पद्धत, एका पातेलंभर चहाला दोन बायका आणि वर एक पहारेकरीण. (तुम्हालाही तसंच वाटायचं. तुम्ही माहेरी जाऊन ते सांगितलं होतंत आणि ते फिरून माझ्या कानावर आलं होतं. रागावले नाही. मीही माझ्या माहेरी तेच सांगितलं होतं.)

पण चहा काय व्हायचा, जाऊबाई. खाली चष्म्याच्या दुकानात मामंजींनीही अशीच वाटणी केलेली. डोळे तपासून नंबर काढायचे भाऊजींनी, आणि काच घासून, फ्रेममध्ये बसवून, नाकाकानाला जुळवून द्यायचं यांनी. एकाला दुसऱ्याचं काम येत नसे आणि शिकायची कुणाची हिंमत नसे. चार वाजता मी ट्रे घेऊन जिना उतरले की दोघं हातातलं काम ठेवायचे. भाऊजी कप तोंडाशी न्यायचे आणि वाफेने त्यांच्या चष्म्यावर धुकं चढायचं. ते पुसायचे नाहीत. तसेच आंधळ्यासारखे बसून राहायचे, काचा आपोआप स्वच्छ झाल्या की एक घोट घ्यायचे आणि म्हणायचे, हं. यांनी तोवर कप तसाच हातात धरलेला असायचा. दादाचं हं झाल्याशिवाय यांनी कधी चहा प्यायलेला मी बघितला नाही. गार व्हायचा, तरी नाही.

आपण दोघी बोलत नव्हतो ते दिवस आठवतात का? (मी तुमच्या लेकीचे केस कापले होते. छान दिसत होते. अजूनही माझं तेच म्हणणं आहे.) तेव्हाही चहा वेळेवर झाला. तुम्ही पातेलं शेगडीवर आदळून बाहेर यायचात, आणि किती जोरात आदळलं त्यावरून मी साखर किती टाकायची ते ठरवायचे. तो अबोला फार टिकला नाही. रोज चार वाजता एका पातेल्यावर अर्धं अर्धं राबायचं तर माणूस किती दिवस मूग गिळून बसणार?

सासूबाई गेल्या आणि मग ती संगीताची शिक्षिका आली. नवा चष्मा घातला की चक्कर येते म्हणाली. भाऊजी म्हणाले, नंबर बरोबर आहे, काच बसवताना चुकली. हे म्हणाले, काच बरोबर बसली आहे, नंबर चुकला. झालं. उभ्या आयुष्यात एकमेकांच्या कामात बोट न घालणारे दोन भाऊ, पण त्या दिवशी असे भांडले की ती बिचारी चक्कर विसरून दोघांना पाणी द्यायला लागली. पुढचं काय लिहायचं? तुम्ही लेकीकडे राहायला गेलात. डोळे तपासायचं यंत्र तुमच्याबरोबर गेलं, फ्रेमची कपाटं इथे राहिली. तिकडे भाऊजी नंबर काढून कुणाला देणार, आणि इकडे आलेल्या माणसाला हे नंबर कुठून आणून देणार? आपलंही तेच. खलबत्ता तुमच्या वाटणीला, पातेलं माझ्या. वाटणी करताना एवढी शहाणी माणसं जमली होती, पण हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

ही चार वर्षं मी दूध, साखर आणि पत्ती यांचं काहीतरी करून यांच्यापुढे ठेवते आणि हे निमूट पितात. माझं काही म्हणणं नव्हतं. पण गेल्या महिन्यात तुमच्या लेकीचा फोन आला. (तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.) म्हणाली, आईचा चहा मसाल्याचा काढा होतो, दूध घातलं की बेचव होतो, बाबा अर्धा कप तसाच ठेवतात. आणि म्हणाली, बाबांच्या चष्म्याच्या डाव्या काडीचा स्क्रू पडला, तर ते काडीला दोरा बांधून फिरतात, कितीही सांगितलं तरी दुसऱ्या दुकानात पाय ठेवत नाहीत. जन्मभर गावाला चष्मे लावले आणि स्वतःच्या नाकावर दोरा. हे शेजारीच उभे होते. फोन मोठ्या आवाजात होता. यांनी ताकास तूर लागू दिली नाही, चष्मा पुसत जिना उतरून गेले. आणि त्या दिवशी चार वाजता माझ्या हातून कप घेताना म्हणाले, कधीतरी घरचा चहा कर. घरात बसून, माझ्या हातचा चहा पिताना म्हणाले. मला आधी राग आला, मग समजलं, आणि मग मी मोरीत जाऊन थोडी रडले.

तेव्हापासून तुमचा अर्धा चहा शोधते आहे. पहिल्या दिवशी अंदाजाने लवंगा टाकल्या. हे एक घोट घेऊन म्हणाले, छान. यांचं छान म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मी चव घेतली तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून तयार मसाल्याची डबी आणली, तिच्यावर हसऱ्या बाईचं चित्र होतं. त्या बाईने तो चहा प्यायलेला नसावा.

मग मला एक युक्ती सुचली. तुमचा मसाला मी कधी बघितला नाही, पण ऐकला तर रोज आहे. कप मांडता मांडता भिंतीपलीकडून यायचा तो आवाज. आधी कुरकुर असा कोरडा, म्हणजे मिरी आणि वेलची. मग मऊ थपथप, म्हणजे आलं. मग एक लांबट घरघर, ती मी दालचिनी धरली. (ती तुमच्या बांगड्यांची निघाली तर कळवा.) तेव्हा ठरवलं, आवाज जुळेपर्यंत कुटायचं. खलबत्ता तुमच्याकडे, म्हणून खाली जाऊन यांच्या टेबलावरची छोटी हातोडी घेतली आणि फ्रेम सरळ करायच्या लोखंडी ठोकळ्यावर सगळं कुटलं. टेबलावर कधी नव्हे ते बारीक स्क्रूंच्या डब्या उघड्या पसरलेल्या होत्या, त्या मी बाजूला सरकवल्या. आवाज अगदी हुबेहूब आला. डोळे मिटून ऐकलं तर तुम्ही आत आहात आणि सासूबाई दारात. मी थोडा वेळ उगाचच कुटत राहिले.

त्या चहाचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे त्याच ठोकळ्यावर यांनी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंची फ्रेम सरळ करून दिली. दुसऱ्या दिवशी बाई चष्मा घेऊन हजर. म्हणाल्या, काडीला वेलची आणि मिरीचा वास येतो, वर्गात मी शिंकते आणि पहिल्या बाकावरच्या मुली चहा मागतात. दुसरं म्हणजे चहा गाळताना गाळणीत काहीतरी चमकलं. बघते तर इवलासा स्क्रू. म्हटलं, आता बोलणी बसणार. पण यांनी तो बोटावर घेतला, धुतला, भिंगाखाली धरला आणि म्हणाले, हा आता मिळत नाही, जुन्या फ्रेमचा आहे. आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. चहाबद्दल एक अक्षर नाही. बायकोने स्क्रूचा चहा पाजला आणि या माणसाला स्क्रूचं कौतुक.

शेवटचा प्रयोग काल झाला. ठेचलेलं आलं घाईत थेट दुधात टाकलं आणि दूध फाटलं. दूध, जाऊबाई. माझी वाटणी. इतकी वर्षं एक थेंब उतू गेला नाही, तिथे सगळं पातेलं नासलं. मी गॅस बंद केला आणि सासूबाई जिथे पाट टाकून बसायच्या तिथे जाऊन बसले. त्यांच्या शेवटच्या आजारात मी त्यांना विचारलं होतं, आम्हा दोघींना पुरा चहा का शिकवला नाहीत, आमच्यावर विश्वास नव्हता का. त्या म्हणाल्या, "अगं, एकीला सगळं आलं की दुसरी पाहुणी होते." मी ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा वाटलं होतं की म्हातारपणी माणूस काहीही बोलतं. काल पाटावर बसल्यावर कळलं. आता आपण चौघंही पाहुणेच आहोत, तुम्ही लेकीकडे आणि आम्ही आमच्याच घरी.

तेव्हा नम्र विनंती अशी की, आपला अर्धा चहा सविस्तर लिहून पाठवावा. आलं आधी की मिरी आधी, पत्ती कधी, झाकण कधी, सगळं. थोरल्या आहात, धाकटीला नाही म्हणू नये. तुमच्या गुडघ्यांना, भाऊजींच्या खोकल्याला आणि लेकीच्या न भिजणाऱ्या तिळाला माझा यथायोग्य नमस्कार आणि आशीर्वाद, ज्याचा त्याने वाटून घ्यावा.

आपली,
धाकटी

ता. क. वरचं वाचून बघितलं आणि विचार बदलला. लिहून पाठवू नका. तुम्ही तुमचा अर्धा लिहिलात की मलाही माझा लिहावा लागणार, मग दोन घरांत दोन पुरे चहा होतील आणि विषय संपेल. खलबत्ता घेऊन तुम्हीच या. तो लोखंडाचा, तुमचे गुडघे असे, म्हणजे उचलायला कुणीतरी बरोबर लागणार. लेकीला ऑफिस असतं. मी कुणाचं नाव सुचवत नाही.

पुन्हा ता. क. मुख्य सांगायचं राहिलंच. ती संगीताची शिक्षिका मागच्या आठवड्यात आली होती. तिची चक्कर कानातली निघाली, कानाच्या डॉक्टरने बरी केली. चष्मा तोच घालते, झकास दिसतं म्हणाली. म्हणजे भाऊजींचा नंबरही बरोबर आणि यांची काचही बरोबर. काखेत कळसा आणि दोन भावांचा गावाला वळसा. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. भाऊजींना तुम्ही सांगा, पण त्यांच्या हातात कप नसताना सांगा.

शेवटचं ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात हे वर आले. कुणाला लिहितेस विचारलं नाही, कारण विचारलं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. कागदाची एक पुडी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "ही घाल त्यात. दादाच्या डाव्या काडीची आहे. फार आवळू नको म्हणावं, फ्रेम जुनी आहे." आणि गेले. उघडली तर तोच चहातला स्क्रू. त्या दिवशी डब्या का उघड्या होत्या ते मला आत्ता समजलं. जाऊबाई, चार वर्षांत यांच्या तोंडून दादा हा शब्द पहिल्यांदा आला, म्हणून जसाच्या तसा लिहिला आहे. पण पाकिटात पुडी शोधू नका, मी ती घातलेली नाही. (यांना वाटतंय घातली.) एवढा बारीक स्क्रू पोस्टात हरवायचा, आणि नाही हरवला तर तिकडचा कुणी बसवून द्यायचा. तो खाली टेबलावर हातोडीशेजारी ठेवला आहे. अजून त्याला वेलचीचा वास येतो. बसवून घ्यायला चष्मा नाकावर घालून माणसाला स्वतः यावं लागतं, हे भाऊजींना मी काय सांगायचं?