बँड महोत्सवातली पहिली रांग

४ मार्च २००१, रविवार
आज इतिहास घडला. मित्रमंडळाच्या मीटिंगमध्ये सगळे उन्हाळी व्याख्यानमालेवर घसरले होते. मी उठलो आणि म्हणालो, ब्रास बँड महोत्सव! सटाणा, नांदगाव, सायखेडा. तीन गावांचे तीन बँड स्टेजवर, पब्लिक खुर्च्यांवर. सगळे गप्प झाले. कौतुकानेच असणार. अध्यक्ष गोटीराम आप्पा (फुलांचे व्यापारी, संगीताशी संबंध हारापुरता) म्हणाले, बँड बसून कोण ऐकतं हो?

तेच तर दुखणं आहे. सटाण्याच्या कारभारी मास्तरांचं क्लॅरिनेट मी पंचवीस वर्षं ऐकतोय, पण धड एकदाही नाही. चुलतभावाच्या लग्नात माझ्या हातात वरणाची बादली. मित्राच्या लग्नात नवरदेवाच्या बुटांवर पहारा. माझ्या स्वतःच्या लग्नात मी घोड्यावर, आणि घोडा बँडला घाबरणारा. आता मास्तरांचे पुढचे दात हलतात. ही लगीनसराई झाली की काढणार. दात गेले की क्लॅरिनेट बंद. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

तारीख मीच काढली. १३ मे. रविवार, शिवाय कॅलेंडरात लग्नाचा उत्तम मुहूर्त. शुभ काम शुभ दिवशी. सर्वानुमते मंजूर.

५ मार्च
मनीषाने विचारलं, मास्तरांना सुपारी दिली का? बायकोला लग्नापलीकडचं काही दिसत नाही. नारळ-सुपारी हातात ठेवून बँड ठरवायचा, ही लग्नवाल्यांची पद्धत. महोत्सवात कलावंताला निमंत्रण देतात. लेटरहेडवर.

९ मार्च
पत्रं टाकली. ऑफिसात बावीस वर्षं ड्राफ्टिंग केलंय ते उगाच नाही. ‘आपल्या अमूल्य कलेचा लाभ रसिकांना व्हावा’ हे वाक्य जमून आलंय. दोनदा मोठ्याने वाचलं. शेजारी टाळ्या वाजल्या. डास होते.

१८ मार्च, रविवार
सासुरवाडीचा कट. सायखेड्याहून मेहुणा ज्ञानेश आला. त्याच्या मुलीचं, चैतालीचं लग्न ठरलं. तारीख? १३ मे! वर्षाला तीनशे पासष्ट दिवस असतात, पण यांना माझाच सापडला. मी स्पष्ट सांगितलं की ती तारीख माझी आहे. तो म्हणाला, दाजी, त्या दिवशी दाट तीथ हाय, अर्धा जिल्हा लग्नाला बसलाय. मी म्हणालो, तर मग तुमच्या मांडवात एक माणूस कमी असला तर कळणारही नाही.

मनीषा आत गेली ती पोळ्या लाटताना भांडी आपटत होती. मी कलेसाठी सोसतो.

२६ मार्च, गुढीपाडवा
मनीषा सकाळीच ज्ञानेशबरोबर सटाण्याला गेली. बस्त्यासाठी असावं. माझा श्रीखंडाचा डबा झाकून ठेवला होता. रागावलेली नाही म्हणजे.

८ एप्रिल
एकाही बँडचं उत्तर नाही. गोटीराम आप्पा काळजीत. मी समजावलं की नकार असता तर कळवला असता. मौन म्हणजे होकार. शिवाय मोठे कलावंत पत्रव्यवहारात ढिलेच असतात.

सटाण्याला एक चक्कर मारून यावी का? नको. ऊन फार आहे. आणि मागे लागल्यासारखं दिसतं.

२२ एप्रिल
मनीषा म्हणाली, अहो, चैतालीच्या लग्नात बँड कोणता ठरवलाय ते तरी विचारा. मी म्हणालो, सायखेड्यातलं कुठलं तरी ताशा-पथक असेल, मला त्यात रस नाही. ती पुन्हा काही बोलणार होती, तेवढ्यात मी व्यासपीठाची लांबी-रुंदी काढायला बसलो.

६ मे
पहिल्या रांगेतली मधली खुर्ची माझी. वर चिठ्ठी चिकटवायची: ‘संयोजक’. प्रास्ताविक तयार आहे, अडतीस मिनिटांचं. मास्तर शेवटी भैरवी वाजवतील तेव्हा डोळे मिटून कसं बसायचं, त्याची प्रॅक्टिस आरशासमोर केली. डोळे मिटल्यावर आरशाचा उपयोग होत नाही हे लक्षात आलं.

१२ मे
मनीषा सायखेड्याला गेली. जाताना म्हणाली, अजून येताय का? उद्या सकाळच्या एसटीने निघालात तरी अक्षता मिळतील. मी म्हणालो, माझ्यावर जबाबदारी आहे. ती म्हणाली, बरं. एवढंच. बावीस वर्षांत ती इतकं थोडक्यात कधी बोलली नव्हती.

१३ मे
सायंकाळी ५. शाळेचं मैदान. खुर्च्या दोनशे. माणसं एकसष्ट. बँड शून्य.

५.४०. प्रास्ताविक सुरू केलं. पुरवून पुरवून बोललो.

६.३०. तरीही शून्य. गोटीराम आप्पांनी नांदगावला फोन लावला. तिकडून कोणी म्हणालं, आमचे मास्तर तर वरातीत हायेत, अशा तिथीला बँडवाला घरी सापडतो व्हय? सायखेड्याचा बँड आडगावला. सटाण्याला फोन उचललाच नाही.

६.५०. आप्पा म्हणाले, बँडवाल्यांना सुपारी कोणी दिली होती? सगळी समिती माझ्याकडे बघत होती. मी लेटरहेड दाखवलं.

७.१५. बाहेरच्या रस्त्यावरून एक वरात आली. पुढे बँजो पार्टी. आमचे श्रोते उठून गेटपाशी गेले, तिथून वरातीत गेले. आप्पाही नाचत होते. वय वर्षं त्रेसष्ट. मी पहिल्या रांगेत एकटा. मग मीही उठलो, लोकांना परत आणायला म्हणून. वरातीबरोबर मांडवापर्यंत जावं लागलं. जेवण बरं होतं. वधूपक्षाचे कोण, असं कोणी विचारलं नाही.

१४ मे
मनीषा आली. भांडायच्या तयारीने मी तीन मुद्दे काढून ठेवले होते. ती भांडलीच नाही. तिने चहा ठेवला आणि सांगितलं.

लग्नात कारभारी मास्तरांचा बँड होता. पाडव्याला तिनेच भावाला सटाण्याला नेऊन सुपारी दिली होती. म्हणे, तुम्हाला एकदा बसून ऐकायचं होतं ना. ज्ञानेशने कडुनिंबाखाली माझ्यासाठी खुर्ची टाकली होती, कोणी कामं सांगायची नाहीत असं सगळ्यांना बजावून. वरात आटोपल्यावर मास्तरांनी विचारलं, नाशिकचे दाजी कुठायत? दहा मिनिटं थांबले. मग खुर्चीसमोर बसून तासभर वाजवलं. भैरवीही. आणि क्लॅरिनेट पेटीत ठेवून तिथेच सांगितलं, आता बस्स.

त्या खुर्चीत कोण बसलं होतं, मी विचारलं. मनीषा म्हणाली, मी.

कसं होतं, हेही विचारलं. ती बोलायला लागली आणि तिचे डोळे भरून आले.

मलाही रडू आलं. कांदा चिरायला घेतला. ती म्हणाली, चहात कांदा घालणार आहात का?

२७ मे, रविवार
मनीषाला घेऊन सटाण्याला गेलो. ऊन फारसं लागलं नाही. मास्तर ओसरीवर, तोंडाचं बोळकं, समोर मऊ भात. मनीषाला बघून हात जोडले. मला ओळखलं नाही. ओळखावं असं मी कधी समोर बसलोच कुठे होतो?

मी भैरवीचा विषय काढला. त्यांनी हसत हसत हवेतच बोटं धरली आणि फुंकर मारली. नुसती हवा आली. मग म्हणाले, तेरा तारीख पाडव्यापर्यंत मोकळी होती, आधी कोणी नुसती सुपारी आणून ठेवली असती तर नाशकाला गेलो असतो. त्या दिवशी तिथं कोणी बँडचा मेळा भरवला होता म्हणतात, नुसतं पत्र आलं होतं. भर लगीनसराईत! असा येडा माणूस कोण शे तो?

मनीषा पदर तोंडाला लावून अंगणाकडे बघत होती.

चौकशी करून कळवतो, असं मी सांगितलं.