ही गाठ ती गाठ नव्हे

चिरंजीव धाकट्यास थोरल्या अक्काचे आशीर्वाद. सोबत दोन शिव्याही होत्या, पण मी बोलते नि सूनबाई लिहिते, आणि शिवी आली की तिला खोकला येतो.

तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू खरं सांगणार नाहीस. (आपल्या घराण्याचा गुण.) अक्काला डबीपाशी गाठ झाली, म्हणून मी केमोसाठी छातीत डबी बसवून घेणार नाही, असं तू डॉक्टरांना सांगून आलास म्हणे. तर बाबा, ती गाठ माझी आहे, तिची हकीकत माझ्याकडून ऐक.

कातडीखाली डबी बसली, तिची नळी मोठ्या शिरेत गेली, आणि औषध द्यायच्या वेळी शीर शोधत हाताची चाळण व्हायची ती थांबली. सुखात होते. मग पोलक्याची उजवी बाही घट्ट झाली. मी शिंपिणीला कापडचोर म्हटलं. तिनं बिचारीनं शिवण उसवून दिली, तरी घट्टच. बांगडी रुतली, तर बांगडीला नावं ठेवली. हात जड झाला, मान दुखली, तर उशीला. सगळ्यांवर आळ घेतला, एक हात सोडून. वर भर उन्हाळ्यात शाल पांघरून बसले. शेवटी सूनबाईनं शाल ओढली आणि तसंच मला दवाखान्यात नेलं.

सोनोग्राफीवाला म्हणाला, नळीजवळ गाठ आहे. मी मनातल्या मनात दागिने वाटायला घेतले. नातीपर्यंत आले होते, तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, ही ती गाठ नव्हे. रक्ताची गुठळी आहे. कॅन्सरमध्ये रक्त लवकर गोठतं, त्यात शिरेत नळी. पण सूज आली त्या दिवशीच सांगायचं ना. फुप्फुसात गेली असती तर?"

आता रक्त पातळ करायचं औषध चालू आहे, हात उतरतोय, डबी जागेवर आहे. तेव्हा तू डबी बसव, आणि बाही घट्ट झाली की शिंप्याकडे जाऊ नकोस. मी तुझी काळजी बिळजी करत नाही, मला वेळ नाही.

तुझी अक्का

ता. क. (सूनबाईकडून, सासूबाईंना वाचता येत नाही म्हणून) : मामा, त्या रोज सकाळी विचारतात, धाकट्याचा फोन आला का. काल तुमच्यासाठी रडल्या.

ता. क. दुसरा : मी हे पत्र नर्सबाईंकडून वाचून घेतलं, आणि हेही त्यांच्याकडूनच लिहून घेतेय. सूनबाईला वाटतं मी खुळी आहे. राहू दे तिचं लिहिलेलं. डबी बसवायच्या दिवशी मी तुझ्याशेजारी बसणार आहे. दोन गाठी झाल्या माझ्या, धाकट्या. आता तेवढी तुझी गाठ पडू दे.