माळ्यावरची चार मडकी

थळ, १२ मार्च १९६३

बापूंनी आज जाहीर केले — बैठकीत दिवे लोंबणार नाहीत, छताच्या फळ्यांत बुडणार. मुंबईत कुणाच्या तरी दिवाणखान्यात त्यांनी तसे पाहिलेत. फळीला गोल भोक पाडायचे, दिवा आत सारायचा, खाली फक्त उजेड. एकतीस तारखेला माणगावचे पाहुणे मला बघायला येणार. त्याआधी चार दिवे हवेत.

त्या दिवाणखान्यावर माळा होता का, आणि माळ्यावर हातभर पेंढा होता का, मी विचारले. कौलांचा ताव खाली उतरू नये म्हणून आम्ही तो दरवर्षी पसरतो. दिवा तापणार, ऊब जायला वाट नाही, वर कोरडा पेंढा. हे कळायला पदवी लागत नाही, चूल पुरे.

"शिकलीस म्हणून प्रत्येक गोष्टीला फाटे फोडू नकोस," बापू म्हणाले.

१४ मार्च

वायरमन तुळशीराम आला. "ताई, काय व्हत न्हाय. म्हंबईला अशे शंभर बसवलेत." पुढे त्या घरांचे काय झाले, ते त्याला ठाऊक नाही. शिडी चढण्याआधी बिडी मात्र विझवली. पेंढ्याला बिडीची भीती, शंभर वॅटच्या बल्बची नाही!

१५ मार्च

माणगावचा मुलगा, हरी, इंटर नापास आहे. म्हणून मी मॅट्रिक सांगायचे. "बी.एस्सी.चं नाव काढू नकोस, बिचकतील," बापू म्हणाले.

घरातली पहिली पदवी. दोन वर्षांपूर्वी तिचे गावभर पेढे वाटले याच माणसाने.

२० मार्च

दिव्यांभोवतीचा पेंढा मी वीतभर हटवते, उंदीर पुन्हा सारतात. आज आई म्हणाली, "मडकं पालथं घाल की वर." आणि बुडाला भोक पाडले, तर ऊबही निघून जाईल! दोघींनी चार मडकी फोडली — म्हणजे बेताने फोडली — दिव्यांवर पालथी घातली. तारा पेंढ्यापासून उचलून बांधून घेतल्या. बल्ब चाळीसचे लावले. दोन तास पेटते ठेवून हात लावून पाहिला. मडके कोमट, पेंढा गार. कॉलेजात माझा एकही प्रयोग इतका सरळ झाला नव्हता.

३० मार्च

केसरआत्या आली. पापडांचा डबा ठेवायला माळ्यावर चढली, ती ओरडतच उतरली. "भोकाचं मडकं? ते चितेभोवती फिरवतात गो! पाहुणे मुलगी बघायला येतायत की मयताला?"

बापूंनी मडकी परसात टाकली. पेंढा सारखा केला. बल्ब पुन्हा शंभराचे, मुलगी उजळ दिसावी म्हणून. मी भांडले.

"कुमुद, उद्याचा एक दिवस गप्प बस."

३१ मार्च

बसले. संध्याकाळी, चार दिव्यांखाली. हरीचे वडील रावजी छताचीच तारीफ करत होते. मुलगी कुठे बसवली आहे, हे त्यांना जरा उशिरा दिसले.

पाऊण तासाने करपट वास आला. बापूंकडे पाहिले. त्यांनी डोळे वटारले.

"बाय, शिक्षण किती?" रावजींनी विचारले.

"बी.एस्सी. आणि वर पेंढा जळतोय."

उठून मेन स्विच पाडला. अंधारात कुणीतरी पोह्यांच्या बशीत बसले. मी बॅटरी घेऊन माळ्यावर, आई कळशी घेऊन मागोमाग. तिसऱ्या दिव्यावर ताटाएवढा पेंढा काळा पडला होता, कडेने लाल सरकत होते. दोन कळशा ओतल्या.

खाली आत्या पाहुण्यांना सांगत होती, "भोकाची मडकी घातली होती हिनं दिव्यांवर. अपशकुन तो अपशकुनच."

आई शिडीवरूनच म्हणाली, "मडकी होती तोवर काही जळलं नव्हतं."

बाहेरच्या माणसांपुढे आई बोलली, हे मी प्रथमच ऐकले. पाहुणे चहा न घेता गेले.

३ एप्रिल

पेंढा बापूंनी स्वतः उतरवला. सगळा.

९ एप्रिल

रावजींचे पत्र. "मुलगी पसंत नाही, फार बोलते. मात्र आमच्या बैठकीतही तसलेच दिवे आहेत, आणि हल्ली वास येतो. मडक्याचे भोक केवढे ठेवावे, ते तिच्याकडून लिहून घेऊन कळवावे."

बापूंनी दौत-टाक माझ्यापुढे ठेवले. "नीट, सविस्तर लिही. आणि सहीपुढे बी.एस्सी. घाल."