आईची अकरा पत्रं

४ फेब्रुवारी

आज कॉलेजात पुन्हा बाकावर एकटीच. अख्खा वर्ग भरला, माझ्या शेजारची जागा तेवढी रिकामी. त्रेपन्नावं लागलं म्हणजे काय खरूज झाली? मॅडम युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध शिकवत होत्या. मी पुटपुटले — आमच्याकडे सव्वीस वर्षं चाललं, मग नवराच गेला! कुणी हसलं नाही. कुणी ऐकलंच नाही.

५ फेब्रुवारी

डबा जिन्यात बसून खाल्ला.

९ फेब्रुवारी

वर्गासमोर बोलायचा विषय मिळाला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातून लाखो माणसं पोटासाठी अमेरिकेला गेली, त्यातल्याच एका घरची पत्रं. खेड्यातली विधवा आई, तिकडे कापडगिरणीत लागलेला मुलगा. आईची अकरा पत्रं, भाषांतर केलेली, झेरॉक्सचा गठ्ठा. माझं नाव पहिलं! मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला जमेल." असं त्या बाकी कुणाला म्हणत नाहीत. म्हणजे नक्की काय समजायचं?

१२ फेब्रुवारी

वाचता वाचता रडले. गाय व्यायली, छप्पर गळतं, गुडघे धरलेत — सगळं लिहिते बिचारी. आणि दर पत्रात तेच, "तुझं एक अक्षर नाही." अकरा पत्रं, आणि हा ढिम्म! माझ्या दिवट्याचाच भाऊ शोभतो. चार वर्षं झाली, एक फोन नाही. मी त्याच्या लग्नाला गेले नाही, कबूल. ती मुलगी मला पसंत नव्हती, तेही कबूल. पण आई आहे मी. फोन त्यानंच करायचा!

१३ फेब्रुवारी

शेजारीण भेटली. "मुलगा काय म्हणतो?" म्हटलं, फोनच उचलत नाही. ती चुकचुकली. बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी

रविवार. दिवसभरात फक्त दुकानदाराशी बोलले. "पिशवी आणलीय?" "आणलीय."

१८ फेब्रुवारी

आज बोलले. त्या मुलाला नुसता सोलून काढला. कृतघ्न म्हटलं, उलट्या काळजाचा म्हटलं. आवाज चढला. मागच्या बाकावरची पोरं पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "ही पत्रं सापडली कुठे?"

मला काय माहीत! गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर ते लिहिलेलं असतं. ते पान मी वाचलंच नव्हतं. मला आईचं दुःख वाचायची घाई. पहिल्या वर्षापासून मॅडम कानीकपाळी ओरडतायत — कागद काय म्हणतो ते नंतर, कागद कुठून आला ते आधी.

शेवटी पुढच्या बाकावरच्या वेणीवालीनं वाचून दाखवलं. पत्रं आईच्याच घरात मिळाली. पिठाच्या डब्यात. एकावरही तिकीट नाही.

"पाठवलेलं पत्र ज्याला मिळतं त्याच्याकडे राहतं," मॅडम म्हणाल्या. "मग ही?"

एकही गेलंच नव्हतं. तो उत्तर काय देणार, कपाळ! मी खाली बसले ती तास संपेपर्यंत मान वर केली नाही.

वेणीवाली बाहेर येऊन म्हणाली, "काकू, असू द्या हो. मीपण ते पान वाचत नाही." तिनं चहा पाजला. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी.

२० फेब्रुवारी

कॉलेजला दांडी. त्या म्हातारीचा राग राग येतोय. का नाही टाकलीस गं पत्रं? ताठा! त्यानं आधी लिहावं म्हणून बसून राहिली. मला कुणी समजावून सांगायला नको.

शेजारणीला मी सांगते, फोन उचलत नाही. बहिणीला तेच. कामवालीलाही तेच. उचलायला मी लावला तरी कधी होता? एकदाही नाही. लिहिलं बाई एकदाचं. खोटारडी आहे मी.

२२ फेब्रुवारी

फोन हातात घेतला, ठेवला. चार वेळा. पाचव्यांदा सरळ उठून पडदे धुवायला काढले. स्वच्छ होते.

२४ फेब्रुवारी

लावला. सकाळी साडेसातला. लगेच उचलला — एवढासा आवाज. "बाबा अंघोळ करतोय. तू कोण?"

मुलगा की मुलगी, तेही कळेना मला. म्हटलं, होऊ दे त्याची अंघोळ. मी थांबते.