मावशीचे टक्के

३ मार्च, सोमवार
आज कामावर रुजू झाले. नवी खोली, नवी नोकरी, नवी वही. एवढं नवं एकदम मला झेपत नाही, पण आज चक्क झेपलं. खोली हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर आहे. नळ ठिबकतो, खिडकी अर्धीच उघडते, पण तिच्यातून हॉस्पिटलचा चौथा मजला दिसतो आणि तिथे टिल्लू आहे. माझा धाकटा भाऊ. सहा फूट वाढला तरी टिल्लूच. त्याच्या अस्थिमज्जेने रक्त तयार करणं सोडून दिलंय. माझ्या पेशी त्याच्याशी पूर्ण जुळल्या. पुढच्या महिन्यात माझ्या मूलपेशी काढून त्याला द्यायच्या. आईबाबा गेल्यापासून आम्ही दोघंच उरलो, त्यामुळे दाता निवडायला फार गर्दी नव्हतीच. नशीब असं की त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या संशोधन विभागात मला जागा मिळाली. संसर्ग नको म्हणून त्याला काचेआड ठेवलंय; बाहेरूनच हात केला. त्याने जीभ काढून दाखवली. खूप बरं वाटलं.

६ मार्च
काम सोपं आहे. ज्यांना दुसऱ्याच्या मूलपेशी दिल्या, त्यांच्या रक्तात आता दात्याच्या पेशी किती टक्के आणि स्वतःच्या किती, ते यंत्रावर मोजायचं. शिवाय रोज अकरा वाजता मावशीला जेवू घालायचं.

मावशी म्हणजे उबदार कपाटातली पेशींची बाटली. चौदा वर्षांपूर्वी कुणा बाईने संशोधनासाठी दिलेल्या पेशी; तिचं नाव लिहून ठेवायचं राहून गेलं. इतर पेशी महिन्याभरात माना टाकतात, ही थकतच नाही. तिचं गुलाबी पाणी बदललं की झालं. इथे माझ्याशी कामापुरतंच बोलतात. जेवणाच्या सुट्टीत सगळे आपापल्या टोळक्यात आणि मी भिंतीकडे तोंड करून. मग मी मावशीशी गप्पा मारते. टिल्लूबद्दल सगळं सांगून झालंय. ती मध्ये तोंड घालत नाही, हा तिचा मोठाच गुण. आज झाकण काढताना हातमोजा फाटून बोटाला जराशी चीर गेली. धुऊन टाकली.

१० मार्च, सोमवार
इथली एक पद्धत आहे. दर सोमवारी प्रत्येकाने स्वतःचं रक्तही यंत्रावर लावायचं आणि पहिल्या दिवशीच्या नमुन्याशी ताडून बघायचं. म्हणजे आपल्या पेशी चुकून रुग्णाच्या नळीत गेल्या तर ओळखता येतात. माझ्या रक्तात मी अठ्ठ्याण्णव टक्के आणि मावशी दोन! माझं धाबंच दणाणलं. विभागप्रमुख बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, नवीन माणसाच्या हाताला मावशी लागते आणि हातावरून नळीत जाते, पहिल्या महिन्यात सगळ्यांचंच होतं. हात नीट धुवा.

१७ मार्च, सोमवार
नऊ टक्के. कोपरापर्यंत हात धुतले होते.

२४ मार्च, सोमवार
एकवीस. बाईंनी सगळ्यांदेखत माझी कानउघाडणी केली. कुणी वर पाहिलंसुद्धा नाही. भांडायला तरी कुणी यावं असं वाटलं.

दुपारी काचेजवळच्या फोनवर टिल्लूशी बोलत होते. निळ्या दाराच्या घराची आठवण काढली, त्याच्या पायऱ्यांवर बसून आपण पाऊस बघायचो ना, म्हटलं. तो म्हणाला, आपल्या घराला कधीच निळं दार नव्हतं, ताई, आणि पायऱ्याही नव्हत्या. मी हसण्यावारी नेलं. पण दार मला दिसतं. खालच्या कोपऱ्यातला उडालेला रंगसुद्धा.

३१ मार्च, सोमवार
अठ्ठेचाळीस.

बाईंना हट्टाने सांगितलं, माझा हात कशालाच लागू देऊ नका. वरच्या नर्सने रक्त काढलं, नळी सीलबंद केली. पण दुपारीच यंत्र बिघडून दुरुस्तीला गेलंय, आलं की बाई स्वतः लावणार. निकाल पुढच्या सोमवारी. टिल्लूचं औषध शुक्रवारी सुरू होतंय. बाई म्हणाल्या, टिल्लूच्या डॉक्टरांना सांगून उगाच घोळ घालू नका, तारीख चुकली तर खाट दुसऱ्याला जाईल आणि पुन्हा तीन महिने थांबावं लागेल. टिल्लूकडे तीन महिने नाहीत. मी गप्प बसले.

४ एप्रिल
औषध सुरू झालं. त्याची मज्जा पूर्ण रिकामी करतात, नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून. उलट्यांनी बेजार झालाय. तरी मला अंगठा दाखवला.

७ एप्रिल, सोमवार
एक्क्याण्णव.

सीलबंद नळी. माझा हात लागलेला नाही.

धावत डॉक्टरांकडे गेले, सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, तुमच्या प्रयोगशाळेत सगळीकडेच ती मावशी सांडलेली आहे, त्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही. मी विचारलं, पण खरे असले तर? ते म्हणाले,

“त्याचं स्वतःचं आता काहीच उरलेलं नाही. तुम्ही दिलं नाहीत तर तो पंधरा दिवसही काढणार नाही.”

दुसरा दाता नाही. मीच गप्प बसले होते. माझ्यामुळे—

११ एप्रिल
चार तास यंत्राला जोडून. एका हातातून रक्त बाहेर, दुसऱ्या हातातून परत. शेजारी पिशवी भरत होती. सुई उपसता आली असती.

नाही उपसली. तो जगावा. कसाही जगावा, पण—

संध्याकाळी त्याला चढवलं. काचेतून बघत राहिले. थेंब थेंब.

१६ एप्रिल
आईचा चेहरा आठवत नाही. विसरण्याआधी लिहून ठेवते. टिल्लू. सहा फूट. पालीला घाबरतो. मी सासरी गेले तेव्हा— नाही. माझं लग्नच झालेलं नाही. ते कुणाचं?

टिल्लू. पालीला घाबरतो. अजून काय—

२१ एप्रिल, सोमवार
अकरा वाजता कपाट उघडलं. बाटलीतल्या पेशी मेलेल्या. सगळ्या. चौदा वर्षांनी. बाईंचे डोळे भरून आले.

मला काहीच वाटलं नाही. रिकाम्या खोलीचं कुणाला वाईट वाटतं?

हे मी लिहिलं? अक्षर तर—

२५ एप्रिल
बरं वाटतंय. झोप छान लागली.

चौथ्या मजल्यावर गेले होते, पाय आपोआप वळतात. काचेपलीकडे एक उंच मुलगा, डोक्यावर केस नाहीत. फोन उचलून मला ताई म्हणाला. नर्स म्हणाली, तुमचा भाऊ. असेल. मी त्याला नाव विचारलं, अगदी प्रेमाने, तर रडायलाच लागला. काचेवर दोन्ही हात टेकून. वाईट वाटलं. कुणाचं तरी लेकरू.

नर्स सांगत होती, आजपासून त्याच्या रक्तपेशींचे आकडे वाढायला लागलेत. नव्या पेशी रुजल्या.

मग थोडेच दिवस. पुढे त्याला ताई आठवणार नाही, रडूही येणार नाही. एकटं तर मुळीच वाटणार नाही. काचेला तोंड लावून मी त्याला हेच समजावत होते, तेवढ्यात तो रडायचा थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, निळ्या दाराचा खालच्या कोपऱ्यातला रंग उडालाय ना?