अल्मेडाच्या थडग्यावरचं गवत

बटरनट हॉलो,
मंगळवार

प्रिय लव्हिनियाताईस,

धाकट्या आयराचा वाकून नमस्कार (गुडघे वाकू देतात तेवढाच). तुझी कंबर कशी आहे, कोंबड्या अंडी घालतात का आणि भावोजींचं बोलणं थोडं तरी कमी झालं का, ते सवडीनं कळव. मी ठणठणीत आहे. माझं डोकं फिरलंय अशी बातमी तुझ्यापर्यंत आलीच असेल, कारण आमच्या पोस्टातून पत्रांच्या आधी बातम्या सुटतात. डोकं जागेवर आहे. मी फक्त कुणाचं ऐकत नाहीये, आणि ऐकणारही नाही.

तर झालं असं. तुझ्या भावजयीला, अल्मेडाला जाऊन या महिन्यात दोन वर्षं होतील. तिच्या थडग्यावर यंदा निळ्या डोळ्यांचं गवत आपोआप उगवलंय. (नाव निळ्या डोळ्यांचं, पण डोळा असतो पिवळा. आणि ते गवतही नव्हे, आयरिसच्या कुळातलं आहे. ज्यानं नाव ठेवलं तो बहुतेक आमच्या दफनभूमी समितीवर असावा.) समिती म्हणजे हार्लन स्प्रेग, बाकीचे दोघे मान डोलवायला असतात. मेअखेरीस मेमोरियल डेला सैनिकांच्या थडग्यांवर झेंडे लावतात, म्हणून आदल्या शनिवारी समिती सगळीकडे गवत कापायचं यंत्र फिरवते. झेंड्यांना माझा विरोध नाही. पण अल्मेडा काही सैन्यात नव्हती. (असती तर लढाई लवकर आटोपली असती.) तेवढा चौकोन जुलैपर्यंत सोडा, असं मी म्हणालो, तर हार्लन म्हणतो, "फूल दाखव, मग बघू."

आता फूल दाखवणं म्हणजे काय कर्म आहे ते ऐक. हे फूल ऊन पडल्यावर दहाच्या सुमाराला उघडतं आणि दोनला मिटतं. रविवारी दहाला अख्खं गाव चर्चमध्ये शिरतं, मग तळघरात हॅम, बटाट्याचं सॅलड आणि एकमेकांची उणीदुणी खाऊन अडीचला बाहेर येतं. म्हणजे शंभर वर्षं दर रविवारी हे फूल ओढ्याकाठी उमलतंय आणि गावातल्या एकाही सज्जन माणसानं ते पाहिलेलं नाही. मी पाहिलंय, कारण अल्मेडा गेल्यापासून मी चर्चला जात नाही. समितीही रविवारी जेवून तीन वाजता आली. हार्लननं वाकून पाहिलं, दात कोरले आणि म्हणाला, "आयरा, गवत ते गवतच रे बाबा." बुधवारी सकाळी बोलावलं, तर आभाळ भरलेलं. एकही कळी उघडेना. पुढच्या रविवारी मी चार काड्या पाण्याच्या पेल्यात घालून भर प्रवचनात चर्चमध्ये शिरलो. पाद्रीबुवा तेव्हा नेमके रानफुलांच्या थोरवीवर बोलत होते. पण पहिल्या बाकापर्यंत पोचेतो फुलांनी माना टाकल्या, आणि पाणी सांडलं हार्लनच्या बायकोच्या मांडीवर.

तेव्हा मी सगळ्यांच्या देखत ठणकावलं, की हे साधंसुधं नव्हे, दुर्मिळ जातीचं आहे. दोन जाती दिसायला अगदी सख्ख्या बहिणी. एकीच्या दांड्याला मध्येच पेर येतं आणि तिथून दोन-तीन फाटे फुटतात. ती इथे ओढ्याकाठी पायलीला पन्नास मिळते. दुसरी एकदांडी, सरळ वर जाते आणि टोकालाच फुलते; ती या भागात फारशी नाही. वनस्पती मंडळाच्या ओपलीनबाई पुढच्या शुक्रवारी सकाळी अकराला भिंग घेऊन येणार आहेत. एकदांडी निघाली तर चौकोन राहील, नाहीतर शनिवारी यंत्र. बाईंनी काहीही सांगितलं तरी शनिवारी मी तिथे खुर्ची टाकून बसणार आहे. हार्लनला माझ्या पायांवरून यंत्र न्यायचं असेल तर खुशाल न्यावं.

तुझा,
आयरा

ता. क. — थडग्यावरचं फाटेवालं आहे. मी दोनदा मोजलं. तुझ्या तळ्यामागच्या कुरणात एकदांडी आहे, असं अल्मेडा सांगायची. डझनभर मुळासकट उपटून, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या गुरुवारच्या आत पाठव.

पुन्हा ता. क. — खोक्यावर 'केक' असं लिही. पोस्टातली बाई हार्लनची मेहुणी आहे. खरोखरचा केकही घातलास तर खोटं बोलल्याचं पाप निम्मं होईल.

शेवटचा ता. क. — तू विचारशील, एवढा हट्ट कशाला. ताई, अल्मेडा दर मे महिन्यात मला म्हणायची, "चला ना हो, ओढ्यावर दोघींतला फरक दाखवते." आणि मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचो, "गवत ते गवतच." एक्केचाळीस वर्षं. हार्लन तेच म्हणाला, शब्दन् शब्द, आणि मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याच्या नव्हे खरं तर. तर ताई, प्रत्येक काडी नीट बघून उपट, फाटेवाली नको. ओळखता येत नसेल तर रविवारी चर्च बुडव आणि दहा वाजता उन्हात खाली बैस. भावोजींनाही वर्तमानपत्र काढून घेऊन शेजारी बसव. लगेच कळतं गं. मला एका सकाळीत कळलं.